आबासाहेबांचा मानाचा शब्द

मानवत, शनिवार
(तुळशीचं लग्न उरकल्यावर, १९९२)

तीर्थरूप बन्सीधरमामांच्या पायी भाचा भुजंग याचा दंडवत. मामींचे गुडघे आता कसे हायेत? इकडं मी धडधाकट हाय, फक्त झोप न्हाई, अन्न गोड लागंना अन् बसल्या जागी पाय हालायलेत. (आत्ताबी टेबल हालायलंय, म्हणून अक्षर असं.)

आमच्या जिनिंग सोसायटीत कॉम्प्युटर आला अन् त्याच्यासाठी मला टेंपरवारी घेतलं, हे सांगूनच तुमी बोरीत कुसुमचं स्थळ जमवलंत. तर मामा, ते मशीन कुणाला आतच घेईना. त्याचं असं झालं, औरंगाबादच्या इंजिनियरनं ज्याला त्याला नाव अन् गुपित शब्द ठरवून दिला. गीताबाईंनी वजनकाट्याची पावती करायची, पण कापसाच्या भावाला हात लावायचा न्हाई. शिपाई चंद्रभाननं नुसतं बघायचं. (तो आधीपासून नुसतंच बघतो, त्याला मशीन कशाला?) अन् कुणाला किती मोकळीक, हे ठरवणारा एक मुख्य माणूस. इंजिनियर म्हणाला, भुजंगला करा. झालं! मीच कापसाच्या गंजीला काडी लावल्यासारखे सगळे माझ्याकडं बघायले. चेअरमन आबासाहेब बसलेले असताना मुख्य भुजंग? पोळ्याला आबासाहेबांचा बैल वेशीतून गेल्याबिगर दुसऱ्याचा हालत न्हाई, तिथं हे मशीन कोण लागून गेलं? मग तसंच बसवून घेतलं: आधी आबासाहेबांचा शब्द पडला तरच मशीन उघडणार, मागून बाकीच्यांचे.

शब्द घालताना बघणं बरं दिसत न्हाई म्हणून आमी समद्यांनी पाठ फिरवली. इंजिनियरलाबी फिरवायला लावली. एकदाच टक्क वाजलं, मशीन उघडलं, पेढे वाटले.

परवा लाईट गेली. आली, तर मशीन पुन्हा शब्द मागायलंय. आबासाहेब आले, आमी पाठी फिरवल्या, लय वेळ टकटक झाली अन् मशीन म्हणतंय, चूक. विसरलात का, हे विचारायची कुणाची छाती? ते म्हणाले, मशीन भिकार अन् चालवणारा त्याहून. त्यांच्या मागं आमी देवांची, बैलांची नावं घालून पाहिली, त्यांच्या घरच्या कमलकाकूंचंबी घातलं. छे! बाहेर कापूस घेऊन थांबलेले गाडीवान माझ्या खानदानाचा उद्धार करायलेत. सोमवारच्या मीटिंगात मशीन औरंगाबादला अन् मी घरी, असं ठरायलंय. मग कुसुमचे वडील ऐकतील व्हय? मामा, मला त्याच पोरीशी लग्न करायचंय, सांगून ठेवतो.

आपला बेजार भाचा,
भुजंग

ता. क. : उद्या आबासाहेब बोरीला लग्नाला यायलेत. तुमी त्यांचे तालमीतले जोडीदार. पंगतीत शेजारी बसा अन् गोडीगुलाबीनं शब्द काढून घ्या. पत्र चंद्रभानजवळ देतो, पोस्टाचा भरवसा न्हाई.

आणखी ता. क. : मामा, गजब झाला! पाकीट चिकटवता चिकटवता राहवेना, म्हणून काहीच न लिहिता नुसतं मोठं बटण दाबलं. उघडलं की! तिथं शब्दच न्हाई, पहिल्या दिवशी त्यांनीबी नुसतं हेच बटण दाबलं असणार. आबासाहेबांना इंग्रजी अक्षरं येत न्हाईत, अन् आमी मेल्यांनी पाठी फिरवल्यावर त्यांनी विचारावं कुणाला? मला लय वाईट वाटलं. मशीन गपचूप बंद करून टाकलं.

तवा काही काढून घेऊ नका. एवढंच सांगा, इंजिनियरचा निरोप हाय, चेअरमनसाठी रीत बदलली: शब्द मनातल्या मनात म्हणायचा अन् कुंकू लावलेलं बटण दाबायचं. कुंकू मी लावून ठेवलंय. सोमवारी आमी पाठ फिरवू. एकदाच टक्क वाजलं, तर साखरपुड्याची तारीख काढा. दोनदा वाजलं, तर कुसुमला दुसरं स्थळ बघा म्हणावं.