दहा नंबरचा पाना

४ फेब्रुवारी, गुरुवार

गाडी मेली! किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक, मग तेही नाही. ताईकडे जायचं म्हणून मी आपली पर्स मांडीवर घेऊन सीटवर बसलेली. हे म्हणाले, "बॅटरी गेली. जुनीच होती." इतक्या शांतपणे? एरवी गाडीवर ओरखडा उठला तरी यांना दिवसभर जेवण जात नाही.

ताई अंथरुणाला खिळलेली, दर गुरुवारी माझी वाट बघत असते. फोन केला तर म्हणाली, "बरं." त्या "बरं"चंच जास्त वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी

लेकीला कळलं. म्हणजे जावयाला कळलं. लगेच त्याचा फोन — "आई, ती गाडी काढून टाका आता. आणि घर तरी किती दिवस सांभाळणार? आमच्याकडे या, एक खोली रिकामीच आहे." खोली! इस्त्रीचे कपडे आणि व्यायामाची सायकल ठेवायची जागा ती. दोघं निमित्तच शोधत असतात. आधी यांचं वय, मग माझे गुडघे, आता बॅटरी.

घर विकायला मी मेल्यावर या म्हणावं.

६ फेब्रुवारी

नवी बॅटरी आणली. बसवायला माणूस बोलवायचा नाही! हयात बस चालवण्यात गेली यांची. मी गरम पाणी घेऊन शेजारी उभी, वायरींच्या टोकांवरची पांढरी बुरशी धुवायला. दहा नंबरचा पाना हातात घेऊन हे थांबले. "आधी काळी वायर सोडायची की लाल?"

मला विचारतात! इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय — काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी. मी सांगितलं. तर म्हणे, "तुझी परीक्षा घेत होतो." हसले, पण नीट नाही हसले.

गाडी एका झटक्यात सुरू. शेजारचा वकील खिडकीतून बघत होता. त्याचा आमच्या पार्किंगवर डोळा आहे, ते वेगळंच.

७ फेब्रुवारी

रविवार. लेक-जावई येऊन गेले. जावई गाडीभोवती एक फेरी मारून आला. कशाला?

११ फेब्रुवारी

परत मेली! नवी कोरी बॅटरी! आणि तीही गुरुवारीच! दुकानदाराने जुनीच पुसून, लेबल चिकटवून गळ्यात मारली असणार. हे म्हणाले, "असू दे. ताईला फोन कर." असू दे? मी यांना न विचारता कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला घेऊन आले. त्याने बॉनेट उघडलं, पाना फिरवला, झालं काम. "काळी वायर ढिली होती, आजी. बॅटरी ठणठणीत आहे."

आजी कोणाची रे?

पण वायर यांनी माझ्यासमोर आवळली होती. म्हणजे नंतर कोणीतरी सोडली! वकील सुटला — बॉनेट उघडायला गाडीच्या आत शिरावं लागतं. एक किल्ली यांच्या खिशात असते. दुसरी अडीअडचणीला म्हणून लेकीच्या घरी. मनात पाल चुकचुकली.

ताईकडे गेलो खरे. येताना मात्र हे भलत्याच रस्त्याने निघाले. आधी बाजारातून, मग कुठल्याशा गोदामांच्या मागून, मग पुन्हा बाजारातून. विचारलं तर म्हणे, "पुलाकडे रस्ता खोदलाय." मला कुठे खोदलेला दिसला नाही. घरी आल्यावर बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले होते. काहीतरी लपवतायत.

१२ फेब्रुवारी

हे अंघोळीला गेल्यावर किल्ली घेतली. वायरीच्या नटावर माझं लाल नेलपॉलिश लावून ठेवलं — अर्धं नटावर, अर्धं खालच्या पत्र्यावर. नट जरा जरी फिरवला तरी तडा जाणार! भाचीच्या लग्नानंतर ती बाटली उघडलीच नव्हती. आता ये म्हणावं.

१४ फेब्रुवारी

जावई आला. चेहरा असा साळसूद! "गाडी काय म्हणते, आई?" मी म्हटलं, "मस्त चालते." त्याच्या हातांवरून नजर हलू दिली नाही. चहा त्याच्या हातावर सांडता सांडता राहिला.

१५ फेब्रुवारी

तडा गेलाय! सापडला! पण लेकीला काय सांगू? तुझा नवरा आमची गाडी मारतो म्हणून? रडू आलं. इतकी काय घाई झालीय दोघांना आम्हाला उचलायची?

१७ फेब्रुवारी

कात्री शोधायला यांचा हत्यारांचा खण उघडला. दहा नंबरचा पाना वरच होता. तोंडात लाल टवके अडकलेले. माझ्या नेलपॉलिशचे.

जावई नाही. हे.

म्हणजे जावयाला सामील! घर विकायचं ठरलंय आणि मला ताकास तूर नाही. ज्या माणसाबरोबर जन्म काढला तो माझ्यामागे वायरी सोडत फिरतोय. रात्री जेवले नाही. यांनी विचारलंही नाही का ते.

१८ फेब्रुवारी

पाना ताटाशेजारी ठेवला आणि म्हटलं, "बोला." घर विकताय का, सरळ विचारलं. हे गोंधळले. "कुठलं घर?" मग पाना हातात घेतला.

"त्या दिवशी रस्ता खोदलेला नव्हता," म्हणाले. "मला आपली गल्ली सापडेना. तू शेजारी बसून ताईचं काहीतरी सांगत होतीस, आणि मला कळेना मी कुठे आहे. मागच्या महिन्यात एकटा होतो तेव्हाही झालं होतं."

जुनी बॅटरी खरंच गेली होती. तेव्हाच यांना सुटल्यासारखं वाटलं, पण नवी आणू नका म्हणायची हिंमत झाली नाही. मग आपणच वायर सोडायला लागले.

मी म्हटलं, "अहो, मग सरळ सांगायचं ना, गाडी नको म्हणून!"

"कोणाला? तुला सांगितलं की लेकीला कळणार, लेकीला कळलं की आपलं बोचकं बांधणार. आणि किल्ली हातात आली की मी बसतोच गं. इतक्या वर्षांची सवय. गाडीच बंद असली की प्रश्न मिटला."

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ओरडायच्या ऐवजी यांच्या ताटात भात वाढला. मला पोचवताना आपल्या हातून काही होऊ नये म्हणून हा माणूस चोरासारखा स्वतःच्या गाडीत शिरत होता, आणि मी नटाला नेलपॉलिश लावत होते!

ताईकडे आज बसने गेलो, दोघंही. खिडकीची जागा यांना दिली. सोमवारी डॉक्टरकडे जायचं, तेही बसने.

२० फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, गाडी झाली का गं सुरू?"

"कसली होतेय! तो कोपऱ्यावरचा मेकॅनिक एक नंबरचा लबाड आहे."

फोन ठेवला आणि खाली जाऊन ढिली काळी वायर पुरती सोडून आले.