धडाका गोल्फ आणि एक गाऱ्हाणं

मोरजी,
शनिवार, ७ मार्च

श्री. रा. रा. अशोकराव यांस,

धाकू मास्तराचा साष्टांग नमस्कार. (कमरेमुळे हल्ली आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेल्या तिघांचा नमस्कार मनानेच पोचता करून घ्यावा.) प्रथम आपली प्रकृती कशी आहे ते सविस्तर कळवावं. आपला उजवा गुडघा गेल्या चवथीला जिना चढताना वाजत होता, तो अजून वाजतो का? रक्तदाब? खोकला? जेवणावर वासना आहे ना? आपल्या वयाला प्रकृती केव्हा उलटेल सांगता येत नाही, आणि उलटलीच तर संकोच करू नये. आपली माणसं असतात कशाला? आमच्याकडे सर्व क्षेम. आपली बहीण सत्यवती मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रागावलेली आहे. फोन केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं आधी स्वयंपाकघरात पोचतं आणि मग डिचोलीला. म्हणून हे पत्र परेशच्या हाती देणार आहे. तो डिचोलीच्या बसवर कंडक्टर आहे, सुटे पैसे सोडले तर सगळं वेळेवर देतो.

आता इथली हकीकत. गोल्फ नावाचा खेळ तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल (आणि लगेच बदलला असेल). एक पांढरा चेंडू, एक लांब काठी, अठरा भोकं, चार-पाच तास चालायचं, आणि कुणी शिंकलं तरी त्याच्याकडे वाईट बघायचं. आपल्याकडे हेच काम गुराखी करतात, फक्त ते संध्याकाळी गुरं तरी घरी आणतात. पण मी त्या खेळाला कधी नावं ठेवली नाहीत. श्रीमंत माणसाला निवांत कंटाळायला एखादी हिरवीगार जागा हवी, तर असू दे बापडी. परंतु आता कुणा शहाण्यांच्या लक्षात आलं आहे की गोल्फ कंटाळवाणा आहे! (हे कळायला त्यांना काही शतकं लागली.) मग त्यात थरार भरायचं जगभर सुरू झालं, आणि हा थरार फिरत फिरत आमच्या टेंबावर, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथं येऊन पोचला. तिथं गेल्या पावसानंतर एक नवं रिसॉर्ट झालं आहे. त्यांनी ह्या खेळाचं जे काही केलं आहे त्याला ते 'धडाका गोल्फ' म्हणतात.

धडाका म्हणजे काय, तर सामना दहा मिनिटांचा. गवत नाही, तर किनाऱ्याच्या वाळूवर हिरव्या चटया टाकून त्यावरून मारायचं. प्रत्येक फटक्याला वीस सेकंद. एकविसाव्याला भोंगा वाजतो. भोक पूर्वी वाटीएवढं असे, ते आता भाताच्या टोपाएवढं केलं आहे, कारण चेंडू आत गेला नाही तर लोकांना वाईट वाटतं. खेळाडू मारत असताना गप्प राहायचं नाही, उलट ओरडायचं. जी बाजू जास्त ओरडेल तिला एक गुण! संघांची नावं वाघ-मगरींची, आणि मगरींच्या संघात तीन भुसारी व्यापारी आणि एक दातांचा डॉक्टर. मध्येच एक जण झेंडा उंच करतो, की पुढच्या भोकाचे गुण दुप्पट. आणि सगळ्यांत कहर म्हणजे 'गुपित खड्डा': साठ चेंडू एका जागी वाळूत पुरून ठेवायचे आणि दोन्ही संघांनी कुत्र्यांसारखं उकरत सुटायचं, ज्याला सापडले त्याने तेच मारायचे. ह्याला खेळ म्हणायचं तर आमची शाळेतली मधली सुट्टी जागतिक स्पर्धा होती. अहो, पेज बेचव लागते म्हणून कुणी तिच्यात सोडा ओतून फेस काढतं का? मीठ घालावं, लोणचं घ्यावं, नाहीतर दुसऱ्याच्या घरी जेवावं.

ह्या धडाक्याचा म्होरक्या कोण, तर आमचा गौरेश. माझाच विद्यार्थी. चौथीत सतराच्या पाढ्याला अडला तो अडलाच, आणि आता गुलाबी शर्ट घालून, हातात माईक घेऊन सेकंद मोजतो. मी त्याला हटकलं तेव्हा मला म्हणतो, "मास्तर, लोकांक आतां वेळ ना. दहा मिनिटांत मजा येवंक जाय." मी म्हटलं, दहा मिनिटं वाचवून लोक करतात काय? तर म्हणाला, दुसरा सामना बघतात. एवढ्यात मला कमरेची उसण भरली, म्हणून मी घरी आलो.

पण अशोकराव, ह्या धडाक्याला ब्रेक लावणारा एक माणूस मोरजीत निघाला, आणि तो आपला मेव्हणा आहे हे सांगायला मला संकोच वाटत नाही. मी निवृत्तीनंतर 'टेंब कासवमित्र मंडळ' स्थापन केलं हे तुम्हाला ठाऊक आहे. (सभासद दोन. दुसरी सत्यवती, आणि तीही विरोधी पक्षात.) आठ वर्षं मी थंडीत पहाटे किनारा पालथा घालतो. वनखात्याच्या माणसांना त्यांच्या बाजूला दर साल कासवांची घरटी सापडतात, पेपरात फोटो येतात. माझ्या बाजूला एक अंडं नाही. लोक हसायचे. यंदा धडाक्याचा पहिला सामना १९ जानेवारीच्या संध्याकाळी झाला, आणि मला वाटलं संपलं, आता ह्या भोंग्यांपुढे कासव काय, खेकडा पण येणार नाही. तर २० तारखेच्या पहाटे बघतो, पाण्याकडून सुक्या वाळूपर्यंत दोन हात रुंद, घसटत गेलेला माग! मागाच्या टोकाला वाळू उकरून परत सारखी केलेली. मी गुडघ्यांवर बसून हात घातला. बोटांना गोल गोल लागलं. थोडी वाळू सारून पाहिलं, पांढरं शुभ्र. तसंच झाकलं, अंड्यांची उलथापालथ करू नये. थोडी टणक लागली, हे खरं. कासवाची अंडी चामड्यासारखी मऊ असतात असं मीच तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. पण म्हटलं, थंडीचे दिवस आहेत.

वनखात्याला मी कळवलं नाही. ते आले असते, अंडी आपल्या आवारात नेली असती आणि फलकावर स्वतःचं नाव लावलं असतं. मी स्वतः बांबू रोवले, काथ्याचं कुंपण घातलं आणि चांगलं वीस पावलं लांब-रुंद आवार घेतलं (बरोब्बर धडाक्याच्या मधोमध). गौरेश धावत आला, त्याच्यामागे रिसॉर्टचे साहेब आले, गाव जमला. शब्दाने शब्द वाढायला लागला तसा मी नारळ मागवला, गावच्या राखणदार देवाकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, ह्या कुंपणाभितर जी काय पोरां आसत, तेंची राखण कर, आणि आमचां चुकलां-माकलां पदरांत घे, म्हाराजा!" सगळा गाव ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि सगळ्यांत मोठ्याने कोण, तर गौरेश. लहानपणापासूनची सवय, तोंडातून गेलं, आणि हातातला माईक चालूच होता. राखणदारापुढे 'व्हय' म्हटलेलं फिरवायची छाती पेडण्यात कुणाची नाही. साहेबांना ते कसं समजावलं त्याचं त्याला ठाऊक, पण पिल्लं निघेपर्यंत, म्हणजे पन्नास-एक दिवस, धडाका बंद. पन्नास दिवस, अशोकराव! त्या माउलीला कुणी वीस सेकंदांचा भोंगा लावलेला नाही.

तेव्हापासून मी रोज उन्हात तिथं बसतो. सत्यवती दुपारी पेज आणि सुकं पाठवते. शाळांच्या सहली येतात, मुलं मला कासवमास्तर म्हणतात. (इतक्या वर्षांत मिळालेलं हे पहिलं टोपणनाव जे मला तोंडावर सांगता येतं.) फलक लावला आहे: 'पिल्लांचं प्रस्थान, गुरुवार १२ मार्च, संध्याकाळी पाच.' सरपंच येणार, पेपरवाले येणार, पार्से गावचं भजनी मंडळ येणार. त्यानंतर कुंपण निघेल आणि शनिवारी धडाका परत सुरू होईल. तेवढं त्यांना कबूल करावं लागलं. पण गुरुवार माझा आहे. आठ वर्षं हसणाऱ्यांच्या समोर माझा आहे. सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि प्रकृतीला जपावं.

आपला,
धाकू

ता. क. प्रकृतीला जपावं असं वर लिहिलं आहे, ते कृपया खोडावं. आपण बुधवार संध्याकाळपर्यंत आजारी पडावं, अशी नम्र विनंती. फार नको. पण सत्यवतीला फोन येऊन तिने मला 'आधी डिचोलीला जा' म्हणावं, इतपत गंभीर. छातीत दुखणं चांगलं. गुडघ्यावर ती मला सोडणार नाही.

ता. क. दुसरा. कारण न सांगता आपण आजारी पडणार नाही हे मी जाणतो (आपला स्वभाव), म्हणून सांगतो आणि हे वाचून पत्र चुलीत घालावं. काल दुपारी कुत्र्याने कुंपणात घुसून घरट्याचा एक कोपरा उकरला. एक अंडं गडगडत माझ्या पायाशी आलं. त्यावर तीनचा आकडा छापलेला होता आणि खाली हसणारा शेवंड झिंगा, म्हणजे रिसॉर्टचं चिन्ह. कासवीण अंड्यांना क्रमांक घालत नाही एवढं मला कळतं. तो 'गुपित खड्डा' होता, अशोकराव, पहिल्या सामन्यात कुणाला न सापडलेला, आणि पुरणाऱ्यालाही मग जागा न आठवलेला. आणि तो माग कासविणीचा नव्हे, पाण्यात धुऊन ओढत आणलेल्या हिरव्या चटईचा. पंचेचाळीस दिवस मी चेंडूंवर बसलो होतो. गावाने त्यांच्यापुढे नारळ ठेवला, मुलांनी त्यांची चित्रं काढली. मी ते परत पुरलं. (त्याआधी रागाने काठीने एकदाच हाणलं. सरळ गेलं. नारळाच्या झाडापर्यंत, अगदी सरळ. ह्याचा उल्लेख कुठे करू नये.) गुरुवारी मी तिथं उभा राहू शकत नाही. लाज वाटते, दुसरं काही नाही.

ता. क. तिसरा, रविवार सकाळ. पत्र अजून माझ्याकडेच आहे, परेशची बस आठला सुटते. आजारी पडू नका!

आज पहाटे गेलो तर समुद्राकडच्या बाजूचा काथ्या तुटलेला आणि वाळूवर माग. मी चटई शोधली. चटया जानेवारीपासून गोदामात कुलुपात आहेत. चेंडूंच्या खड्ड्यापासून पाच पावलांवर वाळू सारखी केलेली. हात घातला. मऊ. चष्मा पुसून परत बघितलं. मऊच. अख्ख्या टेंबावर भोंगा नाही, उजेड नाही, अशी एवढीच जागा होती, म्हणून बिचारी तिथं आली. मी वाळूत बसलो आणि रडलो. तुम्हाला सांगायला काय हरकत?

आता गोष्ट अशी आहे. मी डिचोलीला पळालो तर गुरुवारी लोक वाट बघतील, उकरतील, चेंडू निघतील, हसत हसत कुंपण काढतील आणि शनिवारी तिच्या अंड्यांवर चटया पडतील. फसलेल्या मास्तराच्या दुसऱ्या घरट्यावर कोण विश्वास ठेवणार? वनखात्याला मघाशी मीच फोन केला, ते दुपारी येतात. अंडी जागची हलवणार नाहीत म्हणतात, पण भोंगा आणि उजेड बंद ठेवणं गावाच्याच हातात. फलकावर खुशाल त्यांचं नाव लावू देत. त्यांनी विचारलं, पहिल्या घरट्याचं काय? मी म्हटलं, ते गुरुवारी सगळ्यांसमोर सांगतो. सत्यवतीला मात्र चहा घेतानाच सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "म्हाका ठावूक आसलें. अंड्यांर बसपी मनीस इतलो चिडचिडो नासता." (म्हणजे परवापासूनची माझी चिडचिड तिने ओळखली होती.) आणि सकाळच्या पेजेत आज तूप घातलं.

गुरुवारी मी परत गाऱ्हाणं घालणार आहे. आधी माझी चूक सांगीन, साठही चेंडू गौरेशच्या हातात मोजून देईन, मग त्या खऱ्या पोरांसाठी आणखी पन्नास दिवस मागीन. पण माझी चूक ऐकून लोक हसत सुटतील, आणि हसणाऱ्या तोंडातून 'व्हय' निघत नाही. पहिला 'व्हय' मोठ्याने निघाला की बाकीचे मागून येतात, गौरेशसकट. तुमचा आवाज अजून दशावतारातल्या संकासुरासारखा आहे. तेव्हा आपण ठणठणीत राहावं, गुरुवारी दुपारच्या बसने यावं, पुढे उभं राहावं, आणि मी थांबलो की म्हणावं. काय म्हणायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. हसायचं असेल तर बसमध्ये हसून घ्या.