दोन हजार सातची वही

दाना ओली, ग्वाल्हेर
बुधवार

प्रिय ताई,

हे फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांविषयी बोलून फोन ठेवून दिला. लिहिताना निदान शब्द तपासता येतात, म्हणून लिहितो आहे.

येत्या रविवारी दुपारी चार वाजता इंदरगंजच्या एका हॉलमध्ये अप्पांचा कार्यक्रम आहे. त्यांच्या जुन्या श्रोता मंडळींनी ठरवला. १९७८ पासून २०१२ पर्यंत प्रत्येक वर्षाचं एक नंबरचं गाणं अप्पा आपल्या वहीतून वाचणार आणि मग ते वाजवणार. वह्या टाइप करायचं काम माझ्याकडे आलं, कारण नई सडकच्या दुकानात मी दिवसभर तेच करतो. वर्षाला एक, अशा पस्तीस वह्या. दर आठवड्याची पहिली दहा गाणी, आधी रेडिओवरच्या क्रमवारीतून, मग टीव्हीवरच्या. तारीख, क्रमांक, मागच्या आठवड्याचा क्रमांक. अप्पांनी कधी कशाचा गर्व केला असेल तर एवढ्याचाच, की या वह्यांत चूक सापडणार नाही.

टाइप करताना काही गोष्टी दिसल्या. ऐंशीच्या आसपास एखादं गाणं चार-चार महिने हलत नाही. दोन हजारनंतर तीन आठवड्यांत वर जातं आणि दिसेनासं होतं. एक नंबरला गेलेली कितीतरी गाणी मला मोबाइलवर शोधून ऐकावी लागली, आणि सातव्या-आठव्या नंबरवर अडकलेली आपल्याकडच्या लग्नांत बँडवाले अजून वाजवतात. असं का होतं ते मला कळलं नाही. शाळा नववीत सुटली, तेव्हा कारणं शोधायच्या भानगडीत मी पडत नाही, फक्त तपासतो.

तपासायला राघवकाकांच्या वह्या आणल्या होत्या. ते आणि अप्पा दर रविवारी सकाळी आपापल्या याद्या जुळवायचे, तुला आठवत असेल. एखादं गाणं वरखाली झालं असलं की चहा गार होईपर्यंत भांडायचे. एकोणतीस वर्षं अक्षरन् अक्षर जुळलं. मग २००७ आलं.

सात जुलैपासून जुळत नाही. तू सौरव जिजाजींशी लग्न करायला घर सोडलंस त्यानंतरचा तो पहिला शनिवार. त्या दिवशी अप्पांनी एक नंबरवर लिहिलं आहे ते तुझं गाणं, तू गच्चीवर म्हणायचीस ते, ज्याच्या दुसऱ्या कडव्यात तुझा आवाज फाटायचा. राघवकाकांच्या वहीत ते कधी चौथ्याच्या वर गेलेलं नाही. ऑगस्टमध्ये तर ते यादीतूनच बाहेर आहे. अप्पांच्या वहीत ते डिसेंबरअखेरपर्यंत सव्वीस आठवडे एक नंबरवर आहे आणि वर्षाचंही तेच. खालची गाणी सगळी बरोबर, फक्त एकेक पायरी उतरलेली. कुठे खाडाखोड नाही. पाय दुखतात म्हणून त्या सहा महिन्यांत ते याद्या जुळवायला गेले नव्हते, असं राघवकाका सांगतात. तेच गाणं एकदा तरी पहिलं लिहा म्हणून तू अप्पांच्या किती मागे लागायचीस. आपल्या मर्जीने यादी होत नाही, एवढंच ते म्हणायचे.

एकोणीस वर्षांत त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही. दुपारी तुझा फोन यायच्या वेळेला मात्र बरोबर पिशवी घेऊन भाजी आणायला निघतात आणि फोन संपून आईने ‘आलात का’ म्हणेपर्यंत जिन्यातच थांबतात.

काल मी त्यांना वही दाखवली. चूक आहे, दुरुस्त करू का, असं विचारलं. ते मटार सोलत होते. वही त्यांनी हातात घेतली नाही.

“त्या साली तेच एक नंबर होतं,” ते म्हणाले. “तू टाइप कर.”

मी केलं. पण रविवारी राघवकाका पहिल्या रांगेत स्वतःची वही उघडून बसणार आहेत. ‘अरे कान्होजी, हे कुठून आणलंस,’ असं ते भर सभेत अप्पांना विचारतील. त्यांच्याने राहवणार नाही. ‘माझी चूक झाली’ असं अप्पा म्हणाले, तर पस्तीसही वह्यांवर लोक शंका घेतील. खरं सांगितलं, तर ते ऐकायला तू तिथे असायला हवीस. तुला लिहिल्याचं मी त्यांना कळवलेलं नाही. भोपाळहून सकाळची गाडी धरलीस तर दुपारी पोचशील. जिजाजींनाही आण. गाडीला उशीर झाला तरी थेट हॉलवर ये. एकेका गाण्याचं एकच कडवं वाजवणार आहेत. मी वेळ मोजून पाहिली, दोन हजार सात साधारण साडेपाचला येईल.

तुझाच,
पुष्कर