रावजीने बांधलेले दोरे

मिरजोळे, रत्नागिरी

प्रिय मित्र रावजी यास,

सप्रेम जय भीम.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. दिवाळी झाली की व्हॅन घेऊन केळशीला येतो असं मीच कबूल केलं होतं, आणि आता आंब्याला कणी धरली तरी माझा पत्ता नाही. लिहायला बसलो की वाटायचं, आज गाडी लागेल, उद्या निघूच, मग पत्र कशाला? असे दिवस गेले. मनाली बाळा, हे पत्र तुझ्या मामाला मोठ्याने वाचून दाखव. घाई करू नको. त्याची वाचा गेली असली तरी कान शाबूत आहेत. अक्षर वरखाली गेलंय, तेवढं लावून घे.

रावजी, तुझ्या अंगावरून वारं गेल्यावर पहिले काही दिवस तू तोंडातल्या तोंडात बोलत होतास. तेव्हा फोनवर तू एकच मागणं केलंस. आपल्या व्हॅनच्या पुढच्या सीटवर तू बसायचं, मी चालवायची आणि केळशीच्या समुद्रावर पुळणीपर्यंत जाऊन यायचं. दुसऱ्या कुणाची गाडी नको म्हणालास, दुसरा ड्रायव्हर तर नकोच. हातखंबा ते रत्नागिरी आपण इतकी वर्षं वडाप केलं, पण पुढे आपण दोघं असे निवांत कधी बसलोच नाही. एक चालवणार आणि दुसरा मागे दार धरून पॅसेंजरला हाका मारणार. तुझं मागणं मला कळलं. त्यासाठीच इंजिन उघडायला दिलं, कारण ते तेल प्यायला लागलं होतं आणि मागे निळा धूर सोडत होतं. तसल्या गाडीने जयगडची फेरीबोट, मग दाभोळची फेरीबोट करायला मी धजत नव्हतो. बोटीत चढताना इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकली तर?

एमआयडीसीत सलिल म्हणून एकाचं गॅरेज आहे. माणूस सरळ. रिंगपिस्टनचं काम त्याने चांगलं केलं, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण गाडी घ्यायला गेलो तर त्याने आधी चपला काढल्या आणि एक पिशवी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. म्हणाला, "काकानू, देवाचे दोरे होते इंजिनात. ऑइलचे हात लागायला नकोत म्हणून पैले तेच सोडवले. एकपण तोडला नाय." मी पिशवीत बघतो तर तू हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळ्यांना बांधलेले दोरे! कुठली नळी कुठे जाते ते कळावं म्हणून आमच्या सुंदराबाईच्या गोधडीच्या डब्यातून तू रंगीत दोरे नेले होतेस, नळीच्या दोन्ही टोकांना आणि ती जिथे बसते त्या तोंडाला एकाच रंगाचा दोरा. त्या बिचाऱ्याला वाटलं, नजर लागू नये म्हणून कुणी मंतरून बांधलेत. त्याच्या स्वतःच्या गाडीला लिंबू-मिरची असते, तो दुसरं काय समजणार? घरी सुंदराबाईला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, "आपल्यात दोरा बांधतात तो लेंग्याला! जा, सांगा त्याला." मलाही हसू आलं, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. ते दोरे म्हणजेच त्या गाडीचा नकाशा होता रे.

सलिलने मोबाईलवर नळ्यांचं चित्र शोधून काढलं आणि त्याप्रमाणे नळ्या जोडल्या. पण तू कार्बोरेटर दुसऱ्या गाडीचा बसवलेला, त्याची तोंडं निराळी, चित्राशी जमेनात. गाडी चालू झाली ती अशी, की उभ्या जागी इंजिन चढतंय, उतरतंय, दम्याच्या माणसासारखं. गिअर टाकला की बंद. ब्रेक तर दगड झालेला, दोन्ही पाय देऊन उभं राहावं तेव्हा दाबला जायचा. कुठून तरी हवा खेचली जात होती. सलिल म्हणाला, "काकानू, गाडी ठेवून जा, सवडीने बघतो." पण मला धीर कुठला. दुसऱ्या गाडीला बांधून, टोचण करून घरी आणली आणि पुढची सीट उचलून खालचं इंजिन उघडं करून मीच बसलो.

तुला विचारावं तर तुझी ही अवस्था. मग एकेक नळी टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपत गेलो. इंजिन चालू ठेवायचं आणि मोकळ्या तोंडावर बोट ठेवायचं. बोट खेचलं गेलं तर तिथे ओढ आहे. कानाला रबरी पाईप लावून सू सू आवाज कुठून येतो ते ऐकायचं. धूर कुठे ओढला जातो ते बघावं म्हणून मी वंदनेची उदबत्ती घेऊन गेलो, तर सुंदराबाई किंचाळली, "अवो, पेट्रोलजवळ उदबत्ती? पैले माझा फोटो काढून भिंतीवर लावा, मग काय तो जाळ करा!" ब्रेकची जाड नळी सापडली, ती सोपी होती. बाकीच्या बारीक नळ्या एकमेकींसारख्या. मला आठवत होतं की डिस्ट्रिब्यूटरच्या नळीला तू लाल दोरा बांधला होतास. नळीच्या बेचक्यात दोऱ्याचा एखादा तंतू अडकून राहिला असेल म्हणून मी शोधायचो आणि सुंदराबाई टॉर्च धरायची. मी म्हणायचो, "हा बघ लाल." ती म्हणायची, "अवो, ही काळी तार हाय." असं रोज चाललेलं. शेवटी ती रंग सांगायचं सोडून नुसती टॉर्च धरायला लागली. 

आमचा पोरगा अमरदीप मुंबईहून आला तेव्हा मी असाच आत डोकं घालून बसलो होतो. तो माझी बोटं नळ्यांवर चाचपडताना बघत राहिला. मग म्हणाला, "आप्पा, हिकडं बघा. बोटं किती?" मी अंदाजाने म्हटलं, तीन. त्याने हात वर केलाच नव्हता. तो दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलेलाच आहे, मला कळलंच नाही. उजव्याने समोरचं तेवढं दिसतं, बाजूचं नाही. गेलेली नजर परत येत नाही म्हणतात. थेंब घालतो, ते राहिलेलं राखण्यासाठी. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाडी चालवता का? अमरदीपने माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हटलं. रावजी, तो शब्द माझ्याच तोंडातून निघाला.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो. गाडी लागली आहे. अमरदीपने सलिलला घरी बोलावलं आणि दोघांनी मिळून एकेक नळी एकेका तोंडाला लावून बघत सगळ्या नळ्या जागेवर बसवल्या. अंगणात चालू केली तर सुंदराबाई म्हणाली, शिवणयंत्रासारखी चालतेय. ब्रेकवर नुसतं पाऊल ठेवलं तरी खाली जातो. गाडी उभी आहे आणि मी तिच्यात चालवायला बसू शकत नाही. नळ्या सापडत नव्हत्या तोवर मी येणारच होतो. मनाली परवा फोनवर सांगत होती की रस्त्याने कुठलीही गाडी गेली तरी तू दाराकडे मान वळवतोस. तसं करू नकोस रे. मी चालवत येणार नाही, आता कधीच नाही. अमरदीप चालवायला तयार आहे, मी मागे बसेन, तू पुढे. पण त्याला सुट्टी भीमजयंतीलाच मिळणार, आणि तू जेवण टाकलंस असं मनाली सांगते, तेव्हा जयंतीपर्यंतचं मी काय बोलू? दुसरा ड्रायव्हर नको म्हणाला होतास, म्हणून तुला विचारल्याशिवाय मी त्याला ये म्हणणार नाही. तू डोळे मिटून हो सांगतोस असं मनाली म्हणाली. ड्रायव्हर म्हणून अमरदीप चालणार असेल तर डोळे मीट. मनाली बाळा, त्याने मिटले की नाही ते लगेच कळव. नाही मिटले तरी कळव. पत्राची वाट नको बघू, फोन कर. मी फोन उशाशीच घेऊन असतो.

तुझाच,
बाबाजी