पाण्यातला चष्मा

पोरी,

चिरंजीव लिहायची सोय तू ठेवली नाहीस. लोकांना समुद्रातली प्रवाळं दाखवायला खाली गेलीस, ती वर आलीच नाहीस.

काल बोटीचा मालक तुझा घरी राहिलेला दुसरा पाण्यातला चष्मा मागायला आला. नवी मुलगी ठेवलीय म्हणे. मी म्हटलं, "मला कांदे चिरायला लागतो." मेला हलेना, मग चष्मा लावून चिरायलाच बसले. पट्टा तुझ्याच मापाचा ठेवलाय. कांदा जराही झोंबला नाही, तरी काच धुरकट झाली. तू काचेवर थुंकून चोळायचीस, तसं केलं. मालक चष्मा न घेताच उठून गेला.

पाणी आतूनच येत असेल तर काय करायचं, ते तू सांगितलंच नाहीस.

तुला घाणेरडी म्हणणारी,
आजी