ट्रे वाजेपर्यंत

दि. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेला पाव शेजारी बसलेल्या बाईंनीच अर्धा संपवला, बाकी प्रवास ठीक झाला.

तुझ्या मुंगीचं कौतुक मात्र संपत नाही. आमचे मेहुणे रात्रभर बेकरीत राबून सकाळी घोरायला लागतात आणि ही एवढीशी पोर दुपारपर्यंत चिडीचूप! दाराशी कुणी परकं येऊन नावाने हाका मारो, ओ म्हणून देत नाही, पडद्यामागे जाऊन बसते. मग मेहुणे उठून तो पत्र्याचा ट्रे चमच्याने बडवतात, आणि त्यासरशी ही किंचाळत त्यांच्या गळ्यात! माझी दोघं लहानपणी घर डोक्यावर घ्यायची. तुझ्या शिस्तीची मी इथे सगळ्यांपुढे टिमकी वाजवते आहे.

रविवारी डोंगरावर सहलीला जाताय ना? मेहुण्यांना तिथे तरी जागं ठेव. माझी आठवण काढत जा, नाहीतर भांडायला पुन्हा येईन.

तुझी,
ताई

दि. १३ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मुंगी घरी आहे, धडधाकट आहे. हे आधी नीट वाच, मग पुढचं वाच.

रविवारी जेवणं झाली, हे झाडाखाली आडवे झाले. मी ओढ्यावर डबे विसळून आले, तर मुंगी नाही. आधी वाटलं, जवळच असेल. मग हाका मारल्या, मग दोघंही वेड्यासारखे धावलो. ताई, त्या जंगलात दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. 

खालच्या वस्तीत कळवलं आणि माणसं येत गेली. कुणी शिंपी, कुणी शाळेतल्या बाई, कुणी गवंडी, एक चष्म्याच्या दुकानातली बाई. हरवलेली पोरं शोधायला हाक आली की हातातलं काम टाकून येतात म्हणे. आमच्या ओळखीचं त्यात एकही नाही. मला त्यांनी झाडापाशीच बसवलं, पोर परत आली तर आई तिथे हवी म्हणून. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. हे काही जणांना घेऊन ओढ्याच्या बाजूला गेले, बाकीचे रांग धरून, झुडूप न् झुडूप बघत, तिचं नाव घेत गेले. अंधार पडला, थंडी वाढली, पण घरी कुणी गेलं नाही. ती रात्र कशी गेली ते मला विचारू नकोस.

उजाडल्यावर चष्मेवाली माझ्याशेजारी येऊन बसली. मुंगी घरी कशी वागते, गप्प कधी बसते, सगळं विचारलं. मी सांगितलं, तुझ्या पत्रातल्यासारखंच, अगदी कौतुकाने! सांगता सांगता माझं मलाच उमगलं. तिचाही चेहरा उतरला. ती उठली आणि सगळ्यांना ओरडून म्हणाली की हाका बंद करा. वस्तीतून ट्रे, ताटं, झाकणं, हाताला लागेल ते आणवलं. ह्यांनी घरच्यासारखा ठेका धरला आणि ती सगळी माणसं पत्रे बडवत पुन्हा जंगलात शिरली.

पडलेल्या एका खोडाखालून मुंगी किंचाळत बाहेर आली.

ह्यांची झोपमोड नको म्हणून ती खेळायला लांब, टेकाडापलीकडे गेली होती आणि वाट चुकली. अनोळखी माणसं नावाने हाका मारत आली तेव्हा खोडाखाली लपली. एकाचा बूट इतका जवळ होता की त्याची नाडी हाताला लागली असती. तिने तोंडावर हात दाबून धरला. हे सगळं तिने मला शाबासकी मागत सांगितलं, ताई. मी हूं का चूं केलं नाही, म्हणाली.

 आशीर्वाद असू द्यावा.

तुझी,
धाकटी

दि. १७ फेब्रुवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. ज्या गप्पपणाची मी टिमकी वाजवत फिरले, त्यानेच पोर गेली असती की गं! शेजारणी मुंगीचं कौतुक ऐकायला आल्या, त्यांना मी दारातूनच परत पाठवलं.

स्वतःला बोल लावत बसू नकोस. त्या माणसांचे उपकार कसे फेडणार आहात ते कळव. ओळख ना पाळख, आणि रात्रभर उभी राहिली. मी असते तर एकेकाचे पाय धरले असते. मुंगीला जवळ घे, माझ्या वाटचंही घे.

तुझी,
ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हे त्या शोधायला आलेल्या माणसांकडे भट्टीतला ताजा पाव टोपली भरून घेऊन गेले होते. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या खाल्ला आणि रिकामी टोपली परत दिली. हे आभार मानायला लागले तर त्यांनी विषयच बदलला. पुढच्या वेळी हाक आली की या, एवढंच म्हणाले.

हाक काल सकाळी आली. कुणाचा तरी मुलगा नदीपलीकडच्या रानात हरवला होता. हे नुकतेच झोपले होते, तसेच उठले, ट्रे काखेत मारला आणि सायकल काढली. मुंगी पडद्यामागे होती. आम्ही हजार वेळा सांगितलं तरी अजून सकाळी तोंड उघडत नाही, त्याचीच मला धास्ती. ती बाहेर आली आणि हळूच मला विचारलं, त्या मुलाच्या घरी काय वाजतं ते बाबांनी विचारलंय का.

 हे गल्लीच्या टोकाशी पोचले होते. तेवढ्यात पोरीने खिडकी उघडली आणि भर सकाळी अख्खी गल्ली दचकून बाहेर येईल अशी बाबांना हाक मारली. हे वळले. तिने पुन्हा ओरडून विचारलं. ह्यांनी विचारतो म्हणून मान हलवली, डोळे पुसले आणि जोरात पॅडल मारलं.

मुलगा संध्याकाळी सापडला. त्याच्या आजोबांची शिट्टी ऐकून आला म्हणे.

तुझी टिमकी आता बंद कर, आमचं घर शांत राहिलेलं नाही. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
धाकटी