पाण्यावर तरंगणारी घंटा

१८ ऑक्टोबर १९८६

ती. वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. आम्ही इकडे ठीक. दसऱ्याला फोन केला नाही म्हणून रागावू नका, सातासमुद्रापलीकडून फार महाग पडतो. आमच्या शेजारची पद्मजा उद्या पुण्याला निघतेय, तिच्या हाती पत्र देते. पोस्टाचं तिकीटही वाचलं.

परवा एक नवल पाहिलं. इथल्या हॉस्पिटलमागे विटांची गोल इमारत आहे, वर घुमट, त्यावर कळसासारखं काहीतरी. मी आपले दारात चपला काढून हात जोडले. वीणा ओरडली, "आई, धिस इज नॉट अ टेम्पल! गॅसचं गोडाऊन होतं!" दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या आजोबांचाच तो कारखाना. त्या म्हणाल्या, "असू दे गं, आजोबाही आत येताना टोपी काढायचे."

विजेच्या आधीची गोष्ट. आजोबांना गिरणीत उजेड हवा होता. बंद भट्टीत कोळसा तापवून त्यांनी गॅस काढला. मग शेजाऱ्यांनी मागितला, चर्चने मागितला, रस्त्यांवर दिवे आले. अशा छोट्या खासगी कंपन्या तेव्हा गावोगाव होत्या म्हणे.

आत काय सांगू! विहिरीएवढ्या पाण्यात पालथी घातलेली, घराएवढी लोखंडी घंटा. दिवसभर गॅस भरला की ती आपोआप वर यायची. संध्याकाळी गावात दिवे लागले की हळूहळू खाली बसायची. पंप नाही, काही नाही. तिच्या स्वतःच्या भारानेच गॅस नळांतून पुढे जायचा, घराघरांत उजेड पोचायचा. अंगावर काटा आला, वन्सं. म्हटलं, उदबत्ती असती तर लावली असती. वीणा म्हणाली, "बरं झालं नव्हती."

बाई म्हणाल्या, दिवे लागले की आजोबा तिथेच बसून राहायचे, घंटा किती वर आहे ते बघत.

मीही सध्या तेच करतेय.

खरं लिहिते. फोन पैशांसाठी टाळला नाही. तुम्ही म्हणाला असतात, "नरूला दे." यांच्या घशात नळी आहे, बोलणार कसे? न्यूमोनिया झालाय. श्वास मशीन देतं. छाती वर येते, खाली जाते, आणि मी समोर बसून असते. गुरुवारी मशीन काढून बघणार, स्वतःचा श्वास घेतात का.

आईमागे यांना तुम्ही वाढवलंत. तुमच्यापासून लपवायला नको होतं. देवापाशी तुमच्या हातची वात लावा.

काल हात धरला तर यांनी बोट दाबलं. वीणा म्हणते, भास. मला नाही वाटत.

गुरुवारी फोन करीन, कितीही पैसे पडोत. तुम्ही "नरूला दे" म्हणायला विसरू नका.

तेवढं ऐकायला थांबलेली,
प्रतिमा